टेपचं दुसरं टोक

पहिल्या वर्षी पहिलं घर काढायला दिलं, तेव्हा माझा जिना प्लॅनवर फार देखणा दिसत होता. सरांनी शीटवर पेन्सिलीनं बोटभर उंचीचा माणूस काढला, त्याला पहिल्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, "आता याला वर पाठवा." मी सेक्शन काढायला घेतला. सेक्शन म्हणजे इमारत वरून खाली उभी चिरून दाखवणं. पायरीमागून पायरी चढत गेली तसा तो माणूस वाकत गेला, आणि नवव्या पायरीवर त्याचं डोकं स्लॅबला भिडलं. पुढचा आठवडा मी घरी, बसस्टँडवर, मेसमध्ये दिसेल त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत फिरले. पायरी साधारण १५० मिलिमीटर उंच आणि ३०० मिलिमीटर रुंद असली की पाय आपोआप पडतो. एकच पायरी वीस मिलिमीटरनं चुकली तरी घरचा माणूससुद्धा अडखळतो.

बी.आर्क.ची पाच वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला रात्रीची जागरणं, फोमबोर्डचा भुसा आणि फेविक्विकनं चिकटलेली बोटं अशी दिसतात. ते सगळं खरंच आहे. पण मला विचाराल तर या शिक्षणात सगळ्यात जास्त वेळ जातो तो टेप धरण्यात.

दुसऱ्या वर्षी पुण्याच्या पेठेतला एक वाडा मोजायला गेलो. तिघांची टोळी: एक शून्याचं टोक धरणार, एक वाचणार, एक लिहिणार. शून्याचं टोक धरणाऱ्याच्या वाट्याला कायम कोपरे, जळमटं आणि पाली येतात; मी वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून ते काम माझं. मापं घ्यायची एक शिस्त असते. प्रत्येक खांबामधलं अंतर सुटं मोजून बेरीज करायची नाही, कारण मग प्रत्येक मापातली चूकही बेरजेत जमा होत जाते. टेप एकदा कोपऱ्यात लावायचा आणि सरळ वाचत जायचं. मग दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्णही सारखे आले तर खोली काटकोनात आहे. गवंडी हेच काम गुण्यानं आणि ओळंब्यानं करतो, आणि आमच्यापेक्षा लवकर करतो.

वाडा खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्या वाड्याची पुढची बाजू बाहेरून सात खणांची भरली, आतून मात्र सहाच. पुन्हा मोजलं, तरी सहा. रात्री कागदावर उतरवलं तर खोली बंद होईना. रेघा कोपऱ्यापाशी येऊन एकमेकींना चुकवत होत्या. तिसऱ्या दिवशी ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या आजींना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सातवा खण धाकट्या दिरांच्या वाटणीला गेला. पंचावन्न वर्षं झाली. मध्ये भिंत घातलीये बघ, तिच्या पोटात खांब आहे." मग उठल्या, माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि स्वतः जाऊन त्या भिंतीला टेकवलं. "इथून धर."

त्या दिवसापासून मी कुठल्याही जुन्या घराचा प्लॅन पाहिला की भिंत भाराची आहे की भाऊबंदकीची, ते आधी शोधते. जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाचे प्रकल्प बरेचदा दुसऱ्या प्रकारच्या भिंतीवर अडतात.

घरांबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बेलापूरनं. चार्ल्स कोरियांनी तिथली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत १९८०च्या दशकात उभी केली. सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये थोडं मोठं अंगण. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, कारण प्रत्येकाला पुढं आपापलं घर वाढवता यावं. आम्ही गेलो तेव्हा वर्गातले निम्मे जण हिरमुसले. पुस्तकातल्या फोटोतली कौलारू घरं कितीतरी ठिकाणी उरलीच नव्हती. त्या जागी टाइल्स लावलेले दुमजली, तिमजली बंगले. मला मात्र ते पाहून बरं वाटलं. लोकांनी घरं पाडून पुन्हा बांधली, पण चौक शिल्लक होते, आणि त्यांत स्कूटर, तुळस, वाळत घातलेले पापड होते. आठ मीटर हे माप मी वहीत लिहिलं आणि चौकात आडवी चालून पाहिलं: माझी अकरा पावलं. एका दारातून दुसऱ्या दाराशी न ओरडता बोलता येतं.

तिसऱ्या वर्षी पॅव्हेलियन, म्हणजे मंडपासारखी खुली वास्तू, आलं. आमच्या अभ्यासात पॅव्हेलियन म्हटलं की आधी मीस व्हान डेर रोहे यांचं बार्सिलोनातलं काम. १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलं, पुढच्याच वर्षी उतरवलं, आणि अर्धशतकाहून जास्त काळ जग ते फोटोंवरच पाहत होतं. १९८६ मध्ये ते त्याच जागी पुन्हा उभारलं. वर्गात यावर बरीच भारावलेली चर्चा झाली. मला आमच्या गल्लीतला गणपतीचा मंडप आठवत होता. तो दरवर्षी मोडतो, दरवर्षी उभा राहतो, आणि त्याचं ड्रॉइंग कुणी काढत नाही.

आम्हाला कॉलेजच्या आवारात बसण्यासाठी बांबूचा मंडप खऱ्या मापात बांधायचा होता, तीन मीटर बाय तीन. मॉडेल सुबक झालं होतं. अगरबत्तीच्या काड्यांना बांबूच्या अडचणी नसतात. खऱ्या बांबूला टोकाजवळ ड्रिल लावलं आणि तो उभा चिरत गेला. त्याचे तंतू लांबीत धावतात; पेराजवळ भोक पाडलं तर ते पेर चीर अडवतं, दोन पेरांच्या मध्ये पाडलं तर टर्रकन फाटतो. चार बांबू वाया गेल्यावर गल्लीतल्या मंडपवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी आमची चौकट एका हातानं हलवली. "ताई, चौकट नाचते. आधी तिला पकडा." एक तिरका बांबू घातला, काथ्याचा फास टाकला, आडवा पीळ दिला, आणि ती नाचायची थांबली. स्ट्रक्चर्सच्या तासाला फळ्यावर काढलेला त्रिकोण मला तेव्हा कळला. मामांनी टेप वापरलाच नाही. माप त्यांच्या हातात होतं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी वरळीच्या बीडीडी चाळी घेतल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात मुंबईत अशा २०७ चाळी बांधल्या, त्यांतल्या १२१ वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरगावच्या चाळीसारखी बाहेरून गॅलरी इथं नाही. मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. प्लॅनवर हा पॅसेज अंधारी नळी दिसतो. मीही तो तसाच काळा रंगवला होता.

मग संध्याकाळी सहा वाजता मोजायला गेले. सातवीतला एक मुलगा आपणहून टेपचं दुसरं टोक घेऊन पळत पॅसेजच्या शेवटी गेला. टेप जमिनीवर ताणलेला, आणि त्यावरून माणसं पाय उचलून जात होती: कामावरून आलेली, पाणी भरणारी, कॅरमबोर्ड भिंतीला टेकवणारी. मध्ये एक आजी बाकड्यावर बसलेल्या. मी म्हटलं, "आजी, जरा बाजूला होता का? माप घ्यायचंय." त्या म्हणाल्या, "मी काय आज आलेय होय? माझ्यासकट घे." मी तसंच घेतलं. १६० चौरस फुटांत न मावणारं सगळं घर त्या पॅसेजमध्ये येऊन बसलं होतं.

या चाळींच्या जागी चाळीस मजली टॉवर उभे राहत आहेत. नवं घर ५०० चौरस फुटांचं, संडास घरात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं सामाईक संडासापुढं रांग लावलेल्या माणसांना पॅसेजच्या गोडव्याचं व्याख्यान देण्याइतकी मी निर्लज्ज नाही. पण शहराचं सगळ्यात मोठं ड्रॉइंग नियमातल्या एखाद्या वाक्यात असतं, हे याच भागात दिसतं. चाळींच्या आसपासच्या कापडगिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से करायचा नियम १९९१ मध्ये आला: मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीनं हे हिस्से फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. शेडखालची जमीन हिशेबातून निसटली, आणि तिच्यासोबत बागाही.

माझ्या डिझाइनमध्ये टॉवरच्या दर तीन मजल्यांना एक रुंद, वारा खेळणारा पॅसेज होता, बाकड्यांसह. जूरीत, म्हणजे प्रकल्पाच्या शेवटच्या परीक्षणात, पाहुण्या आर्किटेक्ट बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे क्षेत्रफळ कुणाच्या खात्यात धरायचं? देखभालीचा खर्च कोण देणार?" मी एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं त्याचं, गणित मांडलं. ते जमत होतं, पण विकायच्या फ्लॅटमधून काढून घेऊन. बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाहेर काम करताना यावर काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

जूरीनंतर मोजणीच्या ड्रॉइंगचा एक प्रिंट घेऊन चाळीत गेले. तो मुलगा जमिनीवर पसरलेल्या कागदावर गुडघे टेकून बसला, बोटानं दारं मोजत आपल्या घरापर्यंत आला, मग मागं सरकला.

"ताई, आजींचं बाकडं चुकलंय."

"अरे, मी मोजून काढलंय."

"तेव्हा तिकडंच होतं. पण उन्हाळ्यात त्या जिन्याजवळ बसतात. तिथं वारा येतो."

मी पिशवीत पेन्सिल शोधू लागले.