विश्लेषण : ज्येष्ठांच्या झोपेसाठी कोणती उपकरणे खरोखर उपयोगी?

तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर-पालघर परिसरातील अनेक घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालू लागले. वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेले अनेक कामगार आता निवृत्त झाले आहेत. पाळी संपली, तरी रात्रीची झोप सगळ्यांनाच परत मिळाली असे नाही. अशा घरांत हल्ली मुले आई-वडिलांसाठी ‘स्लीप ट्रॅकर’ घड्याळ घेतात. पण झोप मोजणे आणि झोप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उतारवयात झोप का तुटते?

वयाबरोबर गाढ झोप कमी होते, संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. हा बदल स्वाभाविक आहे. ६५ वर्षांनंतरही सात ते आठ तासांची झोप मात्र लागतेच. ती मोडण्यामागे लघवीसाठी उठणे, सांधेदुखी, घोरणे, दुपारची लांब वामकुक्षी किंवा औषधांच्या वेळा अशी कारणे असतात. उपकरण निवडायचे ते या कारणानुसार.

कोणते उपकरण कशासाठी?

रात्री उठावे लागत असेल, तर हालचाल टिपून आपोआप लागणारा मंद दिवा काही शे रुपयांत मिळतो. झगझगीत दिवा लावला की झोप उडते आणि अंधारात चाचपडताना पडण्याची भीती असते. पावसाळ्यात वीज जात असेल, तर बॅटरीवर चालणारा दिवा घ्यावा. न्हाणीघर लांब किंवा घराबाहेर असेल, तर खाटेजवळ कमोड खुर्ची ठेवता येते. उशाशी बिनतारी घंटीचे बटण ठेवले, की दुसऱ्या खोलीतील मुलांना हाक मारावी लागत नाही.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही ‘स्लीप अ‍ॅप्निया’ची लक्षणे असू शकतात. त्यासाठी असलेले ‘सीपॅप’ यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. झोपेची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ते घेऊ नये.

घड्याळावर किती विसंबावे?

मनगटी घड्याळ हालचाल आणि नाडीवरून झोपेचा अंदाज बांधते, निदान करत नाही. आठवडाभराची नोंद डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडते. मात्र रोज सकाळी आकडे पाहून धास्ती वाटत असेल, तर घड्याळ काढून ठेवणेच बरे.

सरकारी मदत आहे का?

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी एकदाच ३,००० रुपयांची तरतूद आहे. कमोड खुर्ची, वॉकर, कंबरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी ही रक्कम आहे. सध्याच्या अर्जांबाबत समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

उपकरणाआधी काय करावे?

सकाळी अर्धा तास उन्हात फिरावे. दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपावी. संध्याकाळनंतर चहा टाळावा. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारावी. झोपेची गोळी मनाने घेऊ नये, कारण तिच्या गुंगीत तोल जातो. तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली असेल, तर वयाला दोष न देता तपासणी करून घ्यावी.