एसीतून निवृत्त, हवेत रुजू

एस.टी. स्थानकात येऊन थांबली की एक मोठा सुस्कारा सोडते. तो ब्रेकच्या हवेचा असतो. इंजिनालाच जोडलेला एक कंप्रेसर ती हवा टाकीत भरत राहतो. मालट्रकलाही तशीच टाकी असते, आणि आडरानात चाक बसलं तर ड्रायव्हर त्याच हवेला नळी लावून ते फुगवून घेतो. जीपला ही सोय नाही. तिचे ब्रेक तेलावर चालतात, त्यामुळे तिच्या इंजिनाला हवेशी काही देणंघेणं नसतं. अमेरिकेतल्या जीपवेड्यांनी ही उणीव एका भंगारातल्या यंत्राने भरून काढली. मजा अशी, की ते यंत्र हवेसाठी बनलेलंच नव्हतं. ते होतं गाडीच्या एसीतलं. यॉर्क हे त्याचं नाव.

आधी हवा लागते कशाला, ते सांगायला हवं. युटा राज्यातलं मोआब हे गाव तांबूस वालुकाश्माच्या उघड्या कातळांसाठी प्रसिद्ध आहे. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. वाट सुरू होते तिथे सगळ्यांचं पहिलं काम एकच, टायरमधली हवा सोडायची. डांबरी रस्त्यावर ३०-३५ पौंड असलेला दाब पंधराच्या आसपास आणायचा. टायर बसका होतो आणि जमिनीला लांबवर टेकतो. कातळाचा उंचवटा तो पोटात घेतो, वाळूत उंटाच्या पावलासारखा पसरतो. गाडी निम्म्या कष्टात वर चढते.

पंचाईत होते परतताना. पंधरा पौंडांवर महामार्गाचा वेग धरला तर टायरची बगल सारखी दुमडून तापते आणि शेवटी फाटते. म्हणून डांबर लागायच्या आत चारही चाकं भरायची. तेहेतीस इंची टायरच्या पोटात शंभर लिटर जागा आहे असं धरू. १५ चे ३५ पौंड करायला बाहेरची सुमारे १३५ लिटर हवा आत कोंबावी लागते, म्हणजे चार चाकांना साडेपाचशे लिटरच्या घरात. सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसायचा खेळण्यातला पंप मिनिटाला वीस-तीस लिटर देतो आणि मधेच तापून बसतो. दिवस मावळायला आलेला असताना तो पंप हातात धरून चाकाशी बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता यॉर्क. सत्तर-ऐंशीच्या दशकांत एएमसी, फोर्ड, व्होल्वो अशा गाड्यांच्या एसीत हा कंप्रेसर असायचा. १९७० साली जीप एएमसीकडे आली, त्यामुळे सीजे मॉडेलच्या २५८ घनइंची सहा सिलिंडर इंजिनावरही तो दिसतो. आकार चौकोनी, विटेसारखा. आत शेजारी शेजारी दोन पिस्टन, खाली क्रँकशाफ्ट, वर पातळ पोलादी पट्ट्यांचे व्हॉल्व्ह. आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे लाल टाकीवर जो कंप्रेसर धडधडत असतो, त्याचा हा सख्खा भाऊ. एकाला मोटर फिरवते, दुसऱ्याला इंजिनाचा पट्टा, एवढाच फरक.

पुढे एसीच्या जगाने यॉर्कला बाजूला केलं. दोन पिस्टन वरखाली नाचणार म्हणजे हादरे आले. त्याच्या जागी गोल, गुळगुळीत फिरणारे कंप्रेसर आले, जपानी सँडेनसारखे. लहान, हलके, शांत. गंमत इथेच आहे. या नव्या कंप्रेसरांना स्वतःचं तेल साठवायला तळ नाही. एसीच्या बंद चक्रात गॅससोबत तेलही फिरतं आणि जाता जाता त्यांना वंगण देतं. त्यांना उघडी हवा ओढायला लावली तर गॅस गेला, त्याबरोबर तेलही गेलं, आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. मग हवेच्या तोंडाशी थेंब थेंब तेल सोडणारी कुपी बसवा, तिच्यावर लक्ष ठेवा. यॉर्कचं तेल मात्र त्याच्या पोटात असतं. वरून गॅस येतोय की मोआबची धूळभरली हवा, खालच्या क्रँकला त्याचं सोयरसुतक नाही. ज्या जुनाट रचनेपायी तो एसीतून निवृत्त झाला, तीच त्याला हवेच्या नोकरीत कामी आली.

भंगारवाल्याच्या रांगेत यॉर्क निवडणं ही एक विद्याच आहे. २०६, २०९ आणि २१० असे तीन प्रकार बाहेरून जवळपास एकसारखेच. सिलिंडरचा व्यास तिघांचा एकच. फरक आत क्रँकमध्ये, पिस्टन किती खाली जातो त्यात. फेऱ्याला २०६ सुमारे १०० घन सेंटिमीटर हवा ओढतो, २०९ सुमारे १४३ आणि २१० सुमारे १७०. नावाची पट्टी बहुधा गळून गेलेली असते, म्हणून जाणकार क्लच उतरवून शाफ्टच्या टोकाची ठेवण बघतात. अर्थात सगळ्यांना हवा असतो २१०. इंजिनाने त्याला मिनिटाला दीड हजार फेरे दिले तर हिशेबाने अडीचशे लिटर हवा होते. गळती-तापणं धरून त्यातली दीडशे हाती लागली तरी चारही टायर चार मिनिटांत उभे.

तो बसवताना खरा घाम निघतो ब्रॅकेटवर. बाकी सगळं विकत मिळतं किंवा जुळवता येतं. ब्रॅकेट चुकलं की सगळं चुकलं. कंप्रेसरची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत आली पाहिजे. लांब सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर टेकवून उजेड दिसतो का ते बघायचं. एक-दोन मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला तर पट्टा आधी किंचाळतो, मग कडेने कुरतडला जातो, आणि एक दिवस उडून जातो. ज्या गाडीत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही त्याच पट्ट्यावर असतात, तिथे हवाच काय, इंजिनही गेलं. शिवाय हादरे. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट वळतं, वेल्डला तडा जातो. म्हणून जाड प्लेट, तिरका आधार आणि बोल्टना न सुटणारे नट. ज्या गाडीत एसी मुळात नाही तिथे त्याची मोकळी जागा आयती सापडते. ज्यात आहे, तिथे दुसरा मजला चढवून लांब पट्टा शोधत बसावं लागतं.

मग नळ्या. दाबलेली हवा तापते; सायकलच्या पंपाचं बूड बोटाला चटका देतं, तसं. यॉर्कमधून बाहेर पडणारी हवा उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असते. साधी रबरी नळी तिथे टिकत नाही. वर पोलादी विणीचं आवरण असलेली टेफ्लॉनची नळी लावतात, ती थेट टाकीपर्यंत. वाटेत हवा उलटी फिरू न देणारा व्हॉल्व्ह येतो. टाकीवर दाबाचा स्विच असतो. १२०-१२५ पौंड झाले की तो पुलीच्या विद्युतचुंबकी क्लचची वीज तोडतो. पुली फिरत राहते, कंप्रेसर थांबतो. ट्रकचा ब्रेकचा कंप्रेसर सतत फिरत असतो, यॉर्क गरजेपुरता. ही चैन त्याला एसीच्या वारशातून मिळाली. टाकीवर १५० पौंडांचा सेफ्टी व्हॉल्व्हही हवाच. आणि टाकी म्हणून कोणी पीव्हीसीचा पाइप सुचवला तर त्याच्याशी गाडीचा विषयच बंद करावा. प्लॅस्टिक फुटतं ते गळून नाही, तर तुकडे उधळत. पोकळ बंपरला टाकी करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण धडक बसणारी वस्तू आणि दाबाची वस्तू एकच असावी हे काही पटत नाही.

यॉर्कचा स्वभावदोष एकच, तो थोडं तेल हवेबरोबर ओकतो. हवेच्या पान्ह्याला ते मानवतं, उलट बरंच असतं. पण एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीचा एअर लॉकर बसवलेला असेल, म्हणजे हवेच्या दाबाने डिफरन्शियल लॉक होत असेल, तर त्याच्या नाजूक व्हॉल्व्हमध्ये चिकटा साचतो. म्हणून वाटेत तेल गाळणारी वाटी बसवतात. काहीजण गाळलेलं तेल परत कंप्रेसरच्या पोटात सोडतात. तेलाची पातळी बघायला दांडी नाही. बाजूचा प्लग उघडायचा आणि वाकवलेली तार आत घालून बघायचं. हवा ओढायचं तोंड इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्याला, गाळलेल्या बाजूला जोडलं, तर धुळीची आणि पाण्याची दोन्ही चिंता मिटते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आज नवी गाडी घेणाऱ्याने या फंदात पडू नये. बॅटरीवरचे जोडपंप आता मिनिटाला दीडशे लिटरच्या पुढे जातात, एका दुपारी बसतात आणि तेल ओकत नाहीत. नव्या इंजिनांभोवती यॉर्कची वीट ठेवायला जागाही उरलेली नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. त्या वंशातली जुनी गाडी कोणाच्या वाड्यात उभी असेल, तर तिच्या बॉनेटखाली मात्र माणूस बसेल एवढी ऐसपैस जागा आहे.

मोआबच्या वाटेच्या शेवटी, डांबराच्या अलीकडे, गाड्या कडेला लागतात. लायटरवाले पंप कुरकुरू लागतात. कोणाचा तरी यॉर्क असतो. तो हँड थ्रॉटल ओढून इंजिन दीड हजारावर ठेवतो, लाल नळीचं भेंडोळं उलगडतो, आपली चार चाकं उरकतो. नळी अजून पंधरा-वीस फूट उरलेली असते. मग तो ती शेजारच्या गाडीपर्यंत ओढत नेतो, अनोळखी चाकाशी उकिडवा बसतो आणि मान वर करून जगातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याचा प्रश्न विचारतो : किती भरू?