कोठार घरचं, राखणही घरचीच

जानेवारी २०१० मध्ये सॅन दिएगोत केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींचा मेळावा भरला होता. तिथे फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रॅमरने ‘ओनक्लाउड’ची कल्पना मांडली: ड्रॉपबॉक्सची सोय हवी, पण फाइली राहाव्यात आपल्याच सर्व्हरवर. २०१६ मध्ये तो ओनक्लाउडच्या कंपनीतून बाहेर पडला आणि जूनमध्ये त्याने त्याच कोडवर ‘नेक्स्टक्लाउड’ उभं केलं. कोडचा परवाना एजीपीएल, म्हणजे कोड कुणीही घेऊन पुढे नेऊ शकतो, त्यामुळे आडकाठी करायची सोयच नव्हती. परवाने कुणी वाचत नाही म्हणतात, ते इथे असे कामाला आले.

उबंटू लिनक्सवर नेक्स्टक्लाउड बसवायला टर्मिनलमध्ये एक ओळ पुरते: ‘सुडो स्नॅप इन्स्टॉल नेक्स्टक्लाउड’. अपाची, पीएचपी, मायएसक्यूएल हे सगळं लटांबर त्या एका ‘स्नॅप’ पॅकेजातच येतं. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ उघडून अॅडमिनचं नाव आणि पासवर्ड दिला की पान हजर. इथवर कुणालाही जमतं.

मग त्याच घरातल्या मोबाइलवरून संगणकाचा आयपी पत्ता टाकावा, तर ‘अनट्रस्टेड डोमेन’ म्हणून नकार येतो. कोणत्या पत्त्यांवरून हाक आली तर ओ द्यायची, याची यादी नेक्स्टक्लाउड ठेवतं आणि बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतं. ‘ओसीसी’ या आज्ञेने आपला पत्ता त्या यादीत घालायचा. राउटरने तो उद्या बदलू नये म्हणून तिथेही तो राखून ठेवायचा. बाहेरची हार्ड डिस्क जोडली तरी स्नॅपला ती आपोआप दिसत नाही, ‘रिमूव्हेबल मीडिया’ची परवानगी वेगळी द्यावी लागते.

घराबाहेरून पोहोचणं ही खरी डोकेदुखी. अनेक इंटरनेट कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग नाही. अशा वेळी टेलस्केलसारखं व्हीपीएन बरं. तसंही घरचा सर्व्हर सगळ्या जगापुढे उघडा टाकण्याची हौस नसलेलीच चांगली. त्यात डेस्कटॉप थोडा वेळ पडून राहिला की झोपी जातो. ती सेटिंग बंद करायची, आणि वीज गेल्यावर डेटाबेस अर्धवट लिहिला जाऊ नये म्हणून यूपीएस जोडायचा.

नेक्स्टक्लाउड फक्त घरापुरतं नाही: जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यात नेक्स्टक्लाउडही आहे. तिथे हे सांभाळायला पगारी माणसं आहेत. घरी अॅडमिन आपणच, रात्रपाळीसकट.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सिंक झालं की बॅकअप झाला. मोबाइलवर नेक्स्टक्लाउडमधून पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही जाते. कचरापेटीत ती सहसा ३० दिवस मिळते, जागा कमी पडली तर त्याआधीच जाते. शिवाय नुसत्या फाइली उचलून भागत नाही. कुणाशी काय शेअर केलंय ते डेटाबेसमध्ये असतं. म्हणून ‘नेक्स्टक्लाउड.एक्स्पोर्ट’ चालवून ती प्रत दुसऱ्या डिस्कवर न्यायची आणि एखाद्या जुन्या लॅपटॉपवर उघडूनही पाहायची.

दोन संगणकांतले फोल्डर सारखे ठेवणं एवढीच गरज असेल, तर या उस्तवारीत पडूच नये. सिंकथिंग हे सॉफ्टवेअर पुरतं. त्याला ना सर्व्हर लागतो ना खातं. फक्त दोन्ही यंत्रं अधूनमधून एकाच वेळी चालू असावी लागतात.