सादरीकरणाचा सोबती : टिकाऊ प्रोजेक्टरची डोळस निवड

आर्थिक व्यवहारांचे स्वरूप जसजसे गुंतागुंतीचे होत गेले, तसतशी ते सोप्या रीतीने समजावून सांगण्याची गरजही वाढत गेली. खडू-फळ्याची जागा प्रथम पारदर्शिकांच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरने घेतली आणि पुढे संगणकाला जोडता येणारा, पिशवीतून नेता येणारा प्रोजेक्टर आला. आज प्रशिक्षण केंद्रातील वर्ग असो, कर्ज प्रस्ताव मांडणारा लघुउद्योजक असो, बचत गटांची बैठक असो, अथवा रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने दरवर्षी होणाऱ्या वित्तीय साक्षरता सप्ताहातील मेळावा असो, हे यंत्र सर्वत्र सोबतीला असते.

मात्र ते विकत घेताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : किंमत आणि वेष्टनावरील आकडे. यंत्राची खरी परीक्षा होते ती ऐन सभेत. रोजंदारी बुडवून आलेल्या महिलांसमोर पडदा काळा पडला, तर वाया गेलेला दिवस त्यांना कोणतीही हमी परत देऊ शकत नाही. म्हणूनच टिकाऊपणा म्हणजे नेमके काय, याचा विचार खरेदीपूर्वीच होणे अगत्याचे आहे.

दिसते तसे नसते

प्रोजेक्टरचा प्रकाश लुमेन या एककात मोजतात. प्रचलित पद्धतीत पडद्याचे नऊ भाग कल्पून प्रत्येक भागावरील प्रकाश मोजला जातो आणि त्यांच्या सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणले जाते. अशा रीतीने आलेला आकडा ‘आन्सी लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’ या नावाने दिलेला असतो. काही स्वस्त यंत्रांवर नुसतेच हजारो ‘लुमेन’ छापलेले असतात. ते कसे मोजले याचा उल्लेख नसतो. अशा आकड्यावर विसंबून राहू नये.

या आकड्याचा प्रत्यक्ष अर्थ साध्या भागाकाराने कळतो. दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच चित्राचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर होते. ३,००० लुमेनचे यंत्र त्यावर सरासरी १,२०० लक्स प्रकाश टाकते, तर ३०० लुमेनचे यंत्र केवळ १२० लक्स. दिवे लावलेल्या कार्यालयात टेबलावर साधारणपणे ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. पडद्यावर तो काहीसा कमी पडला, तरी १२० लक्सचे चित्र त्यापुढे फिके दिसणार हे उघड आहे. चार-पाच जणांची बैठक आणि अंधारी खोली असेल, तर बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र पुरते. दिवे चालू ठेवून तीस-चाळीस जणांसमोर बोलावयाचे असल्यास ३,००० लुमेनच्या आसपासचे यंत्र घेणे इष्ट.

हीच दक्षता चित्राच्या सुस्पष्टतेबाबतही घ्यावी. एखादे यंत्र १९२० गुणिले १०८० पिक्सेलचे चित्र ‘स्वीकारते’, याचा अर्थ ते तेवढ्या पिक्सेलमध्ये दाखवते असा होत नाही. म्हणून यंत्राची मूळ क्षमता विचारावी. आकड्यांनी भरलेले तक्ते दाखवावयाचे असतील, तर ती किमान १२८० गुणिले ८०० असावी.

आधी तास मोजा, मग दिवा निवडा

यंत्राच्या आयुष्याची चर्चा बहुधा त्याच्या दिव्यापासून सुरू होते. पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या पारंपरिक दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास सांगितले जाते. कमी प्रकाशाच्या काटकसरी पद्धतीत ते आणखी वाढते. लेझर किंवा एलईडी प्रकाशस्रोतासाठी हा आकडा बहुधा २०,००० तास किंवा त्याहून अधिक असतो. येथे आयुष्य म्हणजे दिवा विझेपर्यंतचा काळ नव्हे. सामान्यतः मूळ प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो.

या आकड्यांनी भारावून जाण्यापूर्वी स्वतःच्या वापराचा हिशेब मांडावा. ज्या शाखेत आठवड्याला दोन तास सादरीकरण होते, तेथे वर्षाचे तास शंभरच्या आसपास भरतात. ५,००० तासांचा दिवा तेथे कागदोपत्री पन्नास वर्षे पुरेल. तेव्हा केवळ तासांसाठी लेझरचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. याउलट एखाद्या प्रशिक्षण केंद्रात रोज सहा तास आणि वर्षातून २५० दिवस यंत्र चालत असेल, तर वर्षाला १,५०० तास होतात. तेथे दिवा सव्वातीन वर्षांतच बदलावा लागेल, तर २०,००० तासांचा स्रोत तेरा वर्षांहून अधिक काळ पुरेल.

मग कमी वापराच्या शाखेत लेझर किंवा एलईडीचा काहीच लाभ नाही काय? आहे, पण तो वेगळा. पाऱ्याचा दिवा पूर्ण तेजाने पेटण्यास वेळ घेतो आणि तापलेल्या अवस्थेत बसलेल्या धक्क्याने निकामी होऊ शकतो. लेझर व एलईडी क्षणात उजळतात आणि हलविण्याचा ताण अधिक चांगला सोसतात. म्हणून ज्या यंत्राला गावोगाव फिरावयाचे आहे, त्याच्या बाबतीत तासांपेक्षा हा गुण मोलाचा ठरतो. शिवाय पाऱ्याचा जुना दिवा केराच्या टोपलीत न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा लागतो, हेही ध्यानात असावे.

उष्णता, धूळ आणि विरळ हवा

प्रोजेक्टरचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता होय. अनेक यंत्रे ३५ ते ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेली असतात. उन्हाळ्यात नागपूर किंवा बिकानेर येथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मंडपातील यंत्र आपोआप बंद पडल्यास तो दोष नसून स्वसंरक्षण असते. अशा भागात कार्यक्रम सकाळी अथवा सायंकाळी ठेवावा आणि यंत्राच्या झरोक्यांभोवती मोकळी जागा ठेवावी. यंत्र गादीवर किंवा टेबलावरील जाड कापडावर ठेवल्यास हवा कोंडते.

विरळ हवेचाही असाच परिणाम होतो. शिमला सुमारे २,२०० मीटर, तर लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा उष्णता कमी वाहून नेते. त्यामुळे पंखा अधिक वेगाने फिरविणारी ‘हाय अल्टिट्यूड’ सोय यंत्रात आहे का, हे पाहावे आणि असल्यास ती चालू करावी.

धुळीचा प्रश्न यंत्राच्या रचनेशी निगडित आहे. एलसीडी पद्धतीत प्रकाश तीन छोट्या पटलांमधून जातो. पटलावर धूळ बसल्यास पडद्यावर रंगीत डाग दिसतात. म्हणून अशा यंत्रांची जाळी ठरावीक तासांनी स्वच्छ करावी लागते. डीएलपी पद्धतीचे मूळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली साकारलेल्या सूक्ष्म आरशांच्या चकतीत आहे. ही चकती बंदिस्त असल्याने धुळीचा त्रास तुलनेने कमी होतो. मात्र एकाच चकतीच्या काही यंत्रांत पांढऱ्या प्रकाशाच्या मानाने रंग मंद दिसू शकतात. तेव्हा रंगीत आलेख असलेले आपलेच सादरीकरण दुकानात लावून पाहावे. ‘आयपी’ मानांकनातील पहिला अंक धुळीपासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. हे मानांकन संपूर्ण यंत्राला आहे की केवळ आतील प्रकाशयंत्रणेला, हेही विचारून घ्यावे.

प्रवासातील काळजी

दीड ते तीन किलो वजनाचे यंत्र सहज नेता येते. पण एसटीच्या किंवा दुचाकीच्या प्रवासात कापडी पिशवी पुरेशी नसते. आत फोम असलेली कठीण पेटी हा खर्च नसून विमा समजावा. पाऱ्याच्या दिव्याचे यंत्र बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत त्याचा वीजपुरवठा तोडू नये आणि ते गरम असताना पेटीत भरू नये. वातानुकूलित गाडीतून कोकणातील दमट सभागृहात आणलेले यंत्र अर्धा तास तसेच राहू द्यावे, म्हणजे भिंगावरील व आतील दमटपणा निघून जाईल. विजेचा दाब वर-खाली होणाऱ्या ठिकाणी सर्ज संरक्षक असलेला बोर्ड आणि योग्य अर्थिंग आवश्यक आहे.

यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवावे. तिरपे ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येते, मात्र त्यामुळे बारीक अक्षरांची स्पष्टता घटते.

जोडण्या आणि गोपनीयता

जुन्या संगणकांना व्हीजीए, तर नव्यांना एचडीएमआय किंवा यूएसबी-सी लागते. यंत्रात किमान दोन प्रकारच्या जोडण्या असाव्यात आणि लागणारी केबल पेटीतच ठेवावी. वायफाय व अॅप असलेली यंत्रे सोयीची खरी, परंतु माहिती तंत्रज्ञान विभागाच्या संमतीविना ती कार्यालयाच्या नेटवर्कला जोडू नयेत. पडद्यावर ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक किंवा एखादा खासगी संदेश झळकणार नाही, याची खातरजमा सभेपूर्वीच करावी.

अटी लिहिताना

बँका व शासकीय कार्यालये बहुधा निविदेद्वारे किंवा २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेतून खरेदी करतात. तेथे अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर सामान्यतः स्वीकारला जातो. म्हणजेच जे अटींत लिहिलेले नाही, ते मिळण्याची शाश्वती नाही. ‘टिकाऊ प्रोजेक्टर’ या दोन शब्दांना अटींत काहीच अर्थ नसतो. त्याऐवजी प्रमाणित पद्धतीने मोजलेले लुमेन, मूळ पिक्सेल, प्रकाशस्रोताचे तास, चालण्याचे कमाल तापमान, कठीण पेटी आणि जवळच्या सेवा केंद्राचे अंतर हे स्पष्टपणे नमूद करावे. यंत्राची हमी आणि दिव्याची हमी अनेकदा वेगवेगळी व दिव्याची कमी मुदतीची असते. दोन्ही लेखी घ्याव्यात. व्यावसायिक ग्राहकांनी वस्तू व सेवा कराचे बिल न चुकता घ्यावे. नोंदणीकृत व्यावसायिकास व्यवसायासाठी केलेल्या अशा खरेदीवर नियमांनुसार कराची वजावट मिळू शकते.

सारांश, सर्वांत महाग यंत्र हेच सर्वांत टिकाऊ असे नाही आणि सर्वांत स्वस्त यंत्र हीच काटकसर असेही नाही. वर्षाला किती तास, कोणत्या हवेत आणि किती प्रवास, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरवावीत आणि मगच दुकानाची पायरी चढावी. कर्ज देताना बँक जशी अर्जदाराच्या बोलण्यापेक्षा त्याची कागदपत्रे तपासते, तसेच यंत्राच्या जाहिरातीपेक्षा त्याचे तपशीलपत्रक तपासणे केव्हाही श्रेयस्कर.