लय पळते तेव्हा

वर्धा जिल्ह्यातल्या गावांत गुरुदेव सेवा मंडळांची खंजिरी भजनं आजही होतात, स्पर्धाही रंगतात. बोलांची आतषबाजी करणाऱ्याला तिथे शाबासकी मिळते. पण माना डोलतात त्या ठेका धरून बसलेल्याच्या हातावर. ड्रमसेट वाजवणारी मुलं ज्याला ‘ग्रूव्ह’ म्हणतात, ते हेच ठेक्याचं वजन. ते जन्मजात असतं, हा समज मला मान्य नाही. ते ऐकण्यातून येतं, आणि ऐकणं शिकता येतं.

खंजिरीच पाहा. लाकडी कडं, एका बाजूने ताणलेलं चामडं, कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. बोटाचा नाद चटकन विझतो, चकत्यांचा छनकार मात्र मागे रेंगाळतो. नवशिक्याची थाप जागेवर पडली तरी ठेका विस्कटलेला वाटतो, कारण खंजिरी धरलेलं मनगट उगाच हलत राहतं आणि दोन मात्रांमधली जागा छनकाराने भरून जाते. जाणता वादक वाजवणाऱ्या हाताइतकाच धरणारा हात सांभाळतो. ती जागा मोकळी राहिली, तरच पुढच्या मात्रेची ओढ लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः गात आणि स्वतःच खंजिरी वाजवत. गळा आणि हात एकाच माणसाचे असले, की शब्द कुठे श्वास घेतो हे हाताला कळावंच लागतं. दुसऱ्याच्या गळ्याला साथ करतानाही हेच खरं. अहमदजान थिरकवाँसारख्या तबलियाकडे बोलांचं अफाट भांडार होतं, तरी बालगंधर्वांच्या साथीत रसिकांनी डोक्यावर घेतला तो त्यांचा ठेका.

‘ताल रक्तातच असावा लागतो,’ असं म्हणणारे भजनी घरातल्या मुलांकडे बोट दाखवतात. पण ती मुलं वर्षानुवर्षं मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून टाळ धरत आलेली असतात. ही तालीमच आहे, फक्त तिला कुणी तालीम म्हणत नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अगदी सरळ किंवा फार गुंतागुंतीच्या ठेक्यांपेक्षा मधल्या ठेक्यांवर लोकांना अधिक नाचावंसं वाटलं. म्हणजे परिणाम रचनेतही आहे, आणि रचना शिकता येते. दुसरा आक्षेप मेट्रोनोमवर: त्याने हात यांत्रिक होतो. दिवसभर त्याच्याच आधाराने वाजवलं तर होतोही. पण तुकडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, घेताना लय पळते, हे आपलं आपल्याला कळत नाही. ते यंत्र नेमकं दाखवतं. त्याचा ठोका फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवावा, मधल्या मात्रा आपण सांभाळाव्या.

आज एवढंच करा. आठ मात्रांचा भजनी ठेका संथ लयीत, एकही तुकडा न घेता, दहा मिनिटं वाजवा. तो मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यावर एखादा अभंग स्वतः गाऊन पाहा. गाताना श्वास घ्यायला जागा मिळाली नाही, तर ठेका पुन्हा पहिल्यापासून धरा.