भाषावार राज्यात कोलामी

किनवट तालुक्यातील एका शाळेत मी मराठी शिकवीत असे. एक कोलाम मुलगा वर्षभर गप्प बसला. त्याच्या नावापुढे मी ‘मंद’ असा शेरा मारला. घरी तो पाण्याला ‘ईर’, विस्तवाला ‘किस’, झाडाला ‘माक’ म्हणत असणार, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. मंद कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती मध्य द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. तिचे नाते नाईकी, परजी यांच्याशी. तेलुगू शेजारी कोलामांना ‘मन्नेवार’ म्हणजे रानातले म्हणत. गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणत, कारण या भूमीच्या देवांना पिकापाण्याचे साकडे घालायचे ते कोलामाकरवीच. पूजेचा मक्ता एकाच वर्णाकडे असतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या भाषेचे व्याकरण १९५० साली हैदराबादेत निघाले. ते लिहिणारे सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातले. १९५५ साली एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा वर्ध्याकडील कोलामीवरचा ग्रंथ आला. म्हणजे ही भाषा कोणाला ठाऊकच नव्हती, असे नव्हे. तरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या नावाने राज्ये आखली गेली तेव्हा आदिलाबादचा किनवट नांदेडला जोडला, नांदेडचे मुधोळ आदिलाबादला गेले. मराठी कोठे संपते आणि तेलुगू कोठे सुरू होते, याचा हिशेब झाला. कोलामी त्या हिशेबात नव्हतीच. सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून रेघ गेली.

भाषिक राज्यात लहान समाज एका बहुसंख्य जातीच्या मुठीत सापडतील, असे बाबासाहेबांनी १९५५ सालीच बजावले होते. आपण हा इशारा आपल्यापुरता वाचला. परंतु गावकुसाबाहेर राहूनही आपली मायबोली राज्याची भाषा ठरली. कोलामाला तेवढेही मिळाले नाही. २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी कोलामी ही मातृभाषा नोंदवली. आठव्या अनुसूचीत ती नाही.

आणि गंमत अशी की, १९५६ च्याच घटनादुरुस्तीने कलम ३५०क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे ते सांगते. मी शिकवीत होतो त्या वर्गात ‘ईर’ हा शब्द फळ्यावर कधी लिहिला गेला नाही.