नवा बेस अँप घेताना काय मागावं?

सफाळ्यातल्या वादकाला हळदीचा, उत्सवाचा कार्यक्रम वाजवायचा तर अँप टेम्पोत किंवा लोकलमध्ये चढवावा लागतो. म्हणून नव्या हेड-कॅबिनेटकडून या अपेक्षा रास्त आहेत.

वजन : १९६९चा ३०० वॉटचा व्हॉल्व्हवाला अँपेग एसव्हीटी हेड जवळपास ४० किलोचा. आजचे क्लास-डी हेड साधारण दोन-तीन किलोंचे असतात, पाठपिशवीत मावतात. निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरमुळे कॅबिनेटही हलकं होतं.

खर्ज : चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा ‘ई’ सुमारे ४१ हर्ट्झ, पाच तारांचा ‘बी’ सुमारे ३१ हर्ट्झ. कॅबिनेट तिथपर्यंत स्वच्छ वाजतं का, हे स्वतःचा बेस लावूनच ऐकावं.

ओहम : ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहम होतो. हेडच्या किमान मर्यादेखाली जाऊ नये.

केबल : हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच वापरावी, गिटारची नव्हे.

वेळ : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. घरच्या रियाजासाठी हेडफोन जोडण्याची सोय हवीच.